अडखळत्या वाणीचा संज्ञापनाचार्य

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मॅरिएटा या गावी, १९२४च्या सुमारास, एका शाळेचा निरोपसमारंभ होता. सर्वांत हुशार विद्यार्थ्याने समारोपाचे भाषण करायचे, अशी तिथली प्रथा. त्या वर्षीचा मानकरी व्यासपीठावर आला, पण त्याने भाषण केले नाही. त्याने बासरी काढली आणि एक रचना वाजवून तो खाली उतरला. पाचव्या वर्षी झालेल्या टॉन्सिलच्या सदोष शस्त्रक्रियेनंतर त्याच्या वाणीला जो अडखळा जडला होता, तो चारचौघांत बोलू देत नव्हता. विल्बर श्रॅम हे त्या मुलाचे नाव. पुढे याच मुलाने मानवी संवाद हा विद्यापीठीय अभ्यासाचा स्वतंत्र विषय केला. जगभरातील विद्यापीठांत आज संज्ञापन आणि माध्यमे या विषयांत पदव्युत्तर पदव्या दिल्या जातात. त्या व्यवस्थेचा पाया घालणाऱ्यांत श्रॅम यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते.

विल्बर श्रॅम यांचा जन्म ५ ऑगस्ट १९०७ रोजी मॅरिएटा येथेच झाला. वडील वकील. घरात संगीताचे वातावरण होते. वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानो आणि मुलगा बासरी. बोलण्याची वाट अवघड असल्यामुळे की काय, लेखणीची वाट त्याने लवकर धरली. मॅरिएटा महाविद्यालयात शिकत असतानाच गावच्या दैनिकात तो वार्ताहर म्हणून काम करू लागला. १९२८ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवून तो हार्वर्ड विद्यापीठात गेला आणि १९३० साली अमेरिकी संस्कृती या विषयात त्याने एम. ए. केले. तिथेही शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात उमेदवारी चालू होतीच.

आयोवाचे वळण

हार्वर्डसारखे विद्यापीठ सोडून श्रॅम मध्यपश्चिमेकडील आयोवा विद्यापीठात गेले, त्यामागील मोठे कारण वैद्यकीय होते. तोतरेपणावर शास्त्रीय उपचार करणारे त्या काळातील अग्रगण्य केंद्र आयोवात होते. तेथील वेंडेल जॉन्सन हे तज्ज्ञ स्वतःच त्या व्याधीशी झुंजत मोठे झालेले. या उपचारांनी श्रॅम यांचा अडखळा समूळ गेला नाही. परंतु त्याची धास्ती ओसरली आणि पुढे वर्गात व व्यासपीठावर ते आत्मविश्वासाने उभे राहू लागले. मात्र या अनुभवाने एक गोष्ट त्यांच्या मनात कायमची रुजविली असावी. मनातला आशय जिभेवर येणे, तो दुसऱ्याच्या कानावर पडणे आणि तेथून त्याच्या मनात उतरणे, ही इतरांना श्वासोच्छ्वासाइतकी सहज वाटणारी क्रिया प्रत्यक्षात अनेक टप्प्यांची आहे आणि प्रत्येक टप्प्यावर ती मोडू शकते. पुढे सिद्धान्त म्हणून त्यांनी जे मांडले, त्याचा अनुभव त्यांनी बालपणापासून घेतला होता.

१९३२ साली आयोवातून त्यांनी अमेरिकी साहित्यात डॉक्टरेट मिळविली. त्यानंतरची दोन वर्षे ते मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत रमले. कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काव्यातील नादाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारा हा साहित्याचा विद्यार्थी दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या शिस्तींचे संस्कार एकाच वेळी घेत होता. लवकरच इंग्रजी विभागात ते अध्यापक झाले आणि १९३६ साली ललित लेखन शिकविणाऱ्या आयोवाच्या सुविख्यात कार्यशाळेचे पहिले संचालक झाले. कथा-कवितेलाही विद्यापीठीय पदवीच्या अभ्यासात स्थान देणारा हा उपक्रम पुढे जगप्रसिद्ध झाला. आयोवाची हीच परंपरा पुढे नेणाऱ्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात सत्तरच्या दशकात दिलीप चित्रे सहभागी झाले होते, हे मराठी वाचकांना ठाऊक असेल. मोजक्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एकमेकांच्या लेखनाची चिकित्सा करावी, ही या कार्यशाळेची पद्धत. श्रॅम यांनी ती पुढे माध्यमसंशोधनाच्या वर्गांतही जपली. ते स्वतः कथा लिहीत आणि १९४२ साली त्यांच्या कथेला ओ. हेन्री पुरस्कारही मिळाला. महायुद्ध आले नसते, तर श्रॅम यांचे नाव कदाचित कथाकार म्हणूनच नोंदले गेले असते.

युद्धाने दिलेला विषय

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि श्रॅम वॉशिंग्टनला गेले. कवी आणि काँग्रेस ग्रंथालयाचे प्रमुख आर्चिबाल्ड मॅक्लीश यांच्याकडे तेव्हा जनतेला युद्धाची माहिती देणाऱ्या सरकारी कार्यालयाची धुरा होती. तेथे शिक्षण विभागाचे काम श्रॅम यांच्याकडे आले. १९४२ साली या कार्यालयाचे रूपांतर युद्धमाहिती कार्यालयात झाले.

युद्धकाळातील वॉशिंग्टन म्हणजे सामाजिक शास्त्रज्ञांची जत्राच होती. प्रचाराचे विश्लेषण करणारे राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लॅसवेल, रेडिओच्या श्रोत्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड, सैनिकांना दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांचा परिणाम तपासणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड, गटाच्या निर्णयप्रक्रियेवर प्रयोग करणारे कुर्त लेविन अशी मंडळी एकाच प्रश्नाभोवती काम करीत होती. लोकांपर्यंत शब्द पोहोचतो कसा आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते, हा तो प्रश्न. यांतील प्रत्येकाची विद्याशाखा वेगळी होती आणि युद्ध संपल्यावर प्रत्येक जण आपापल्या शाखेकडे परतणार होता. श्रॅम यांचे वेगळेपण येथे दिसते. हा प्रश्न कोणत्याही एका शाखेच्या अंगणात मावणारा नाही, त्याला स्वतःचे घर हवे, हे त्यांनी ओळखले. पुढील आयुष्यात या चौघांना या विद्याशाखेचे जनक म्हणून गौरविण्याचे काम त्यांनीच केले. मात्र घर बांधण्याची खटपट त्यांची स्वतःची होती.

१९४३ साली ते आयोवाला परतले, तेव्हा विद्यापीठाने त्यांना वृत्तपत्रविद्या विभागाचे संचालकपद देऊ केले. बातमी लिहिणे, मथळा देणे, पान लावणे हे कौशल्य शिकविणारी शाळा, एवढेच तेव्हा अशा विभागांचे स्वरूप असे. विद्यापीठातील इतर प्राध्यापक त्याकडे किंचित तुच्छतेने पाहत आणि वृत्तपत्रांतील जुनी मंडळी संशयाने. हा धंदा वर्गात शिकता येत नाही, यावर दोघांचेही एकमत होते. श्रॅम यांनी दोघांनाही न रुचणारी योजना मांडली. वृत्तपत्रविद्येला समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र यांची जोड द्यावी आणि या विषयात थेट डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यासक्रम असावा, अशी ती योजना होती. पत्रकाराला बातमी लिहिता येणे आवश्यकच. परंतु ती कोण वाचतो, कशी वाचतो आणि वाचून काय करतो याचा शोध घेणारे संशोधकही विद्यापीठाने घडविले पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता.

या कल्पनेला खरे रूप आले ते इलिनॉय विद्यापीठात. १९४७ साली तेथे संज्ञापन संशोधन संस्था स्थापन झाली आणि श्रॅम तिचे संचालक झाले. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा संज्ञापनाच्या गणिती सिद्धान्तावरील निबंध, वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह, १९४९ साली याच प्रकाशन विभागाने पुस्तकरूपाने आणला. शॅनन यांचा प्रश्न टेलिफोनच्या तारेपुरता होता. तारेतून जाणारा संकेत शेवटपर्यंत बिनचूक कसा पोहोचेल, एवढेच त्यांना पाहायचे होते. श्रॅम यांनी त्यात माणूस आणला.

१९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संपादित ग्रंथात ही मांडणी आहे. बोलणारा आपला आशय चिन्हांत बांधतो, ऐकणारा ती चिन्हे उलगडतो. दोघांचे अनुभवविश्व जेथे एकमेकांवर पडते, तेवढ्याच भागात संवाद होतो. ऐकणारा निमूटपणे झेलणारा नसतो. तोही प्रतिसाद देतो आणि त्या क्षणी भूमिका बदलतात. तुरळक सरींचा अंदाज वृत्तपत्रात छापून आला, तर दादरचा नोकरदार छत्री घ्यावी की नाही याचा विचार करतो आणि पारनेरचा शेतकरी पेरणी करावी की नाही याचा. शब्द तेच, छपाई तीच, पण संदेश दोन. आज प्राथमिक वाटणारी ही गोष्ट त्या काळी प्रचाराच्या सर्वशक्तिमान परिणामाविषयी असलेल्या समजाला छेद देणारी होती. दूरचित्रवाणीविषयी त्यांनी १९६१ साली जॅक लाइल आणि एडविन पार्कर यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथाचा रोखही हाच आहे. अमेरिका आणि कॅनडातील सुमारे ६ हजार मुलांच्या पाहणीवर आधारलेल्या या अभ्यासाने प्रश्नच उलटा केला. पडदा मुलांचे काय करतो, यापेक्षा मुले पडद्याचा काय उपयोग करतात, हे पाहिले पाहिजे, असे तो सांगतो.

पैशाचा उगम

श्रॅम यांच्या या उभारणीची एक काळी बाजूही आहे. नवी विद्याशाखा उभी करायची, तर पैसा लागतो. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत माध्यमसंशोधनासाठी मोठा पैसा होता तो सरकारच्या लष्करी व प्रचारविषयक खात्यांकडे. श्रॅम यांनी तो घेतला. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या पाहणीतून त्यांचे आणि समाजशास्त्रज्ञ जॉन रायली यांचे सोल शहरावरील कम्युनिस्ट ताब्याविषयीचे पुस्तक १९५१ साली निघाले. ते संशोधन म्हणून जितके वाचले गेले, तितकेच प्रचार म्हणूनही वापरले गेले. वृत्तपत्रसृष्टीच्या चार सिद्धान्तांवरील १९५६चा ग्रंथ फ्रेड सिबर्ट, थिओडोर पीटरसन आणि श्रॅम या तिघांचा. त्यातील सोव्हिएत व्यवस्थेवरील प्रकरण श्रॅम यांचे आहे. भारतातील वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे चार सिद्धान्त पाठ केले. पण जगातील सर्व वृत्तपत्रांची विभागणी करणारी ही चौकट शीतयुद्धाच्या एका बाजूला उभे राहून आखलेली आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले गेले. १९९४ साली ख्रिस्तोफर सिम्प्सन यांनी मानसशास्त्रीय युद्धतंत्र आणि संज्ञापनशास्त्र यांच्या नात्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला, तेव्हा श्रॅम यांचे नाव त्यात ठळकपणे आले.

श्रॅम यांचा बचाव करणारे म्हणतात, की त्या काळातील जवळजवळ सर्वच अमेरिकी सामाजिक शास्त्रे याच पैशावर वाढली. ते खरे आहे. पण म्हणून प्रश्न संपत नाही. शब्दाचा परिणाम मोजण्याचे शास्त्र कोणाच्या गरजेतून जन्माला आले, यावर ते शास्त्र कोणते प्रश्न विचारील आणि कोणते टाळील, हेही ठरत असते. माध्यमे शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच स्वतःला विचारावा, असा हा प्रश्न आहे.

पुणे परिसरातील रेडिओ आणि दिल्लीतील संस्था

१९५५ साली श्रॅम स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि पुढील १८ वर्षांत तेथील संस्था जगातील तरुण संशोधकांचे तीर्थक्षेत्र बनली. दरम्यान, इलिनॉयमधील त्यांचे विद्यार्थी डेव्हिड बेर्लो यांच्यासारखी मंडळी इतर विद्यापीठांत हीच रोपे लावीत होती. याच काळात श्रॅम यांचे लक्ष नवस्वतंत्र देशांकडे वळले. युनेस्कोसाठी लिहिलेला, माध्यमे आणि राष्ट्रीय विकास या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध झाला आणि विकसनशील देशांच्या माहिती मंत्रालयांत तो धर्मग्रंथासारखा वाचला गेला. दर १०० माणसांमागे दैनिकांच्या १० प्रती, ५ रेडिओ संच, २ दूरचित्रवाणी संच आणि चित्रपटगृहातील २ आसने, हे युनेस्कोने ठरविलेले किमान प्रमाण. ते गाठले की आधुनिकतेचा मार्ग मोकळा होईल, अशी त्या काळातील धारणा होती.

याच विषयाच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील एक प्रयोग श्रॅम यांच्या लेखनात आला. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या सहकार्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली होती. आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती जमत, मराठीतील कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न आकाशवाणीला कळवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. जेथे ऐकणे आणि चर्चा या दोन्ही गोष्टी होत्या, त्या गावांतील लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी भर पडली नाही. श्रॅम यांनी या प्रयोगाची दखल आपल्या ग्रंथात घेतली आणि त्याच्या १० वर्षांच्या वाटचालीचा स्वतंत्र आढावा १९६७ साली युनेस्कोच्या एका संकलनासाठी तयार केला. यंत्र नव्हे, तर यंत्राभोवती बसून बोलणारी माणसे बदल घडवितात, हा धडा पुणे परिसरातील गावांनी जगाच्या पाठ्यपुस्तकाला दिला.

श्रॅम यांचा भारताशी थेट संबंध आला तो १९६२-६३ साली. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञमंडळाचे प्रमुख म्हणून ते भारतात आले. पत्रकारितेचे शिक्षण तोपर्यंत भारतात नव्हते असे नाही. फाळणीपूर्वी लाहोरला पंजाब विद्यापीठात, तर पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात रोलंड वूल्सली या अमेरिकी प्राध्यापकाच्या पुढाकाराने ते सुरू झाले होते. पण संशोधन, प्रशिक्षण आणि अध्यापन एकत्र पाहणारी राष्ट्रीय संस्था नव्हती. तशी संस्था असावी, अशी शिफारस या मंडळाने केली आणि १७ ऑगस्ट १९६५ रोजी तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीत भारतीय जनसंचार संस्थेचे उद्घाटन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला होता. दिल्लीच्या संस्थेचे एक केंद्र २०११ साली अमरावतीला आले. मूळ संस्थेला मात्र स्वतःची पदवी देण्यासाठी जानेवारी २०२४पर्यंत, म्हणजे अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळेपर्यंत, थांबावे लागले.

फेरविचार

सत्तरच्या दशकात विकासाच्या त्या आशावादाला तडे गेले. रेडिओ वाढले, वृत्तपत्रे वाढली, पण गरिबी तशीच राहिली. बोलिव्हियाचे लुइस रामिरो बेल्ट्रान यांच्यासारख्या लॅटिन अमेरिकी अभ्यासकांनी रोखठोक आक्षेप घेतला. ज्या गावात जमीन मूठभरांच्या हाती आहे, तिथे भूमिहीनाला रेडिओवरून सुधारित शेती शिकवून काय साधणार, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. हे शास्त्र वरून खाली सांगते, खालून वर ऐकत नाही. संवाद दुतर्फी असतो, हे ज्यांनी शिकविले, त्यांच्याच विकासविषयक मांडणीत श्रोता मुका राहिला होता.

श्रॅम यांच्या मोठेपणाची खूण अशी, की ते या टीकेला पाठ दाखवून बसले नाहीत. १९७३ साली स्टॅनफर्डमधून निवृत्त होऊन ते होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये संज्ञापन संस्थेचे संचालक झाले. डॅनियल लर्नर यांच्यासह तेथे त्यांनी आपल्याच १० वर्षांपूर्वीच्या गृहीतकांची झाडाझडती घेणारी परिषद भरविली आणि तिचे निबंध १९७६ साली ग्रंथरूपाने आणले. १९७७ साली मोठी माध्यमे आणि लहान माध्यमे यांची तुलना करताना त्यांनी दाखवून दिले, की शिक्षणासाठी खर्चीक दूरचित्रवाणीच हवी असे नाही. साधा रेडिओही नीट वापरला तर तितकेच काम करतो. अमेरिकी सामोआ बेटांवर गाजावाजा करून आणलेल्या शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या प्रयोगाचा, त्यातील अपयशासह, ताळेबंद त्यांनी १९८१ साली मांडला. ज्या प्रयोगांचे गोडवे गाऊन ते थोर ठरले होते, त्यांचीच कठोर तपासणी वयाच्या सत्तरीत करणे सोपे नव्हते.

उतारवयात त्यांनी हाँगकाँगमध्ये अध्यापन केले आणि १९८२ साली चीनला भेट देऊन तेथील अभ्यासकांसमोर या विद्याशाखेची ओळख मांडली. २७ डिसेंबर १९८७ रोजी होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेत या शास्त्राचा प्रारंभ कसा झाला, याविषयीचे त्यांचे लेखन तेव्हा अपुरेच होते. स्टीव्हन चॅफी आणि एव्हरेट रॉजर्स या दोघा अभ्यासकांनी ते पुरे करून १९९७ साली प्रसिद्ध केले.

श्रॅम यांच्या हयातीतच, १९५९ साली, बर्नार्ड बेरेल्सन या अभ्यासकाने संज्ञापन संशोधन आता कोमेजत चालले आहे, असे जाहीर केले होते. श्रॅम यांनी तेव्हा दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की हे क्षेत्र अनेक शास्त्रांच्या वाटा जिथे मिळतात, असा चव्हाटा आहे. तिथे वर्दळ राहणारच. गेल्या सहा दशकांनी त्यांना खरे ठरविले. वर्गांतील गर्दी वाढली, माध्यमे हातातल्या फोनमध्ये आली आणि पाठविणारा व घेणारा यांतील भेद जवळजवळ पुसला गेला. तरी या अभ्यासाच्या मुळाशी असलेला प्रश्न बदललेला नाही. सांगितलेले पोहोचले का, आणि ज्याला सांगितले त्याचे ऐकून घेतले का? मॅरिएटाच्या व्यासपीठावर शब्दांऐवजी बासरी ओठांना लावणाऱ्या मुलाला या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर शोधण्यात हयात घालवावी लागली. दुसरा अर्धा भाग त्याला उशिरा उमगला; पण उमगल्यावर त्याने तो नाकारला नाही.